आधी सेफ, मग प्रॉक्समॉक्स

प्रॉक्समॉक्स (सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) ८ वरून ९ वर जायचंय ना? मग आधी सेफकडे, म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र करून डेटा साठवणाऱ्या प्रणालीकडे, बघा. ९ ला हात लावण्याआधी सेफ स्क्विड आवृत्तीवर, म्हणजे १९.२ वर, असायलाच हवं. क्विन्सी या जुन्या आवृत्तीवर असाल तर आधी रीफ, मग स्क्विड. सेफ आणि प्रॉक्समॉक्स, दोन्हींचं अपग्रेड एकाच रात्री उरकायचा मोह टाळा. काही बिघडलं तर नेमकं कशामुळे, तेच कळत नाही.

बॅकअप घ्या, आणि एखादं व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) रिस्टोअर करूनही बघा. न तपासलेल्या बॅकअपवर माझा काडीचा विश्वास नाही.

सेफची स्थिती 'हेल्थ ओके' असेल तरच सुरुवात करा. मग 'नोआउट' फ्लॅग लावा. नाहीतर ओएसडी (एका डिस्कचा डेटा सांभाळणारा सेफचा प्रोग्राम) डाउन झाल्यावर डीफॉल्टप्रमाणे १० मिनिटांत तो आउट, म्हणजे बाहेर पडलेला, धरला जातो आणि विनाकारण डेटाची हलवाहलव सुरू होते. सेफची नवी आवृत्ती बसवल्यावर त्याच्या सेवांच्या रीस्टार्टचा क्रम ठरलेला: मॉनिटर, मॅनेजर, ओएसडी, शेवटी एमडीएस (फाइल सिस्टिमची माहिती सांभाळणारी सेवा). ओएसडी एका वेळी एकाच नोडवरचे (नोड म्हणजे एक सर्व्हर), आणि सगळे पीजी (सेफमधले डेटाचे गट) 'ॲक्टिव्ह प्लस क्लीन' दिसेपर्यंत पुढच्या नोडला हात नाही. इथेच लोकांचा धीर सुटतो. शेवटी 'सेफ व्हर्जन्स' ही कमांड चालवून जुन्या आवृत्तीचा डेमन (मागे चालणारा प्रोग्राम) कुठे उरलाय का बघा आणि नोआउट काढायला विसरू नका. (हमखास विसरतात.)

आता प्रॉक्समॉक्स. त्याची तपासणी स्क्रिप्ट प्रत्येक नोडवर चालवा. व्हीएम दुसऱ्या नोडवर हलवून नोड रिकामा करा, मगच अपग्रेड. व्हीएम जुन्यावरून नव्या नोडवर सहसा बिनबोभाट जातं. उलटं जाईलच, याची खात्री धरू नका.