सँडविच सकाळी सातला करून ठेवू नका

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या एका ताईंनी सात प्रश्न पाठवलेत. नाशिकहून सासू-सासरे आलेत, जुलैतल्या शनिवारी एका जुन्या हवेलीच्या हिरवळीवर शेक्सपिअरचं नाटक आहे आणि शेजारचं इंग्रज जोडपंही सोबत येणार आहे. एकूण आठ माणसं. ताई लिहितात, ‘अगदी इंग्लिश टी करायचाय. काकडीची आणि हिरव्या चटणीची सँडविचेस सकाळी सातलाच करून फॉइलमध्ये गुंडाळून ठेवते, म्हणजे दुपारी धावपळ नको.’

हौस छान आहे. पण ताई, नाटक साडेसातला! बारा तासांत त्या पावाचा लगदा होईल आणि शेजारीण ‘लव्हली’ म्हणत तो रुमालात लपवेल. बाकीचे सहा प्रश्न थांबतील, आधी हे बघू.

काकडीला मीठ लागलं की ती पाणी सोडते. चटणीतही मीठ असतं, शिवाय मिक्सर फिरावा म्हणून आपण वर पाणी घालतो. हे सगळं पाव शोषून घेतो. म्हणून काकडीचं पाणी आधीच काढून टाकायचं. दोन लांब इंग्लिश काकड्यांच्या दोन मिलिमीटरच्या चकत्या करा, काकडीमागे अर्धा चमचा मीठ लावा आणि अर्धा तास चाळणीत ठेवा. मग स्वच्छ पंच्यात गुंडाळून दाबा. पंचा चांगला ओला व्हायला हवा, नाहीतर पुन्हा दाबा. नंतर वरून मीठ नको, फक्त मिरपूड.

दुसरा बंदोबस्त लोण्याचा. लोणी म्हणजे पाव आणि काकडीमधली भिंत. ते फ्रिजबाहेर दोन तास ठेवून मऊ करा आणि दोन्ही स्लाइसना पार कडेपर्यंत लावा. मधोमध ठिपका लावून भागत नाही, पाणी कडेनेच शिरतं. पाव आदल्या दिवशीचा घ्या. ताजा पाव सुरीखाली दबतो आणि लोणी लावताना फाटतो.

आठ जणांना ८०० ग्रॅमचे दोन स्लाइस्ड पाव आणि लोण्याचं २५० ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. सोळा सँडविचेस होतात. कडा कापून प्रत्येकाचे तीन लांबट तुकडे केले की माणशी सहा. दहा काकडीची करा, सहा चीज-चटणीची. चटणी पाणी न घालता वाटा. कोथिंबीर धुऊन पूर्ण कोरडी करा आणि मूठभर पंढरपुरी डाळं घाला, ते ओल धरून ठेवतं. मग चटणी वेगळी न लावता त्या सहांच्या वाटणीच्या लोण्यातच कालवा. आमच्या घरी इंग्रज सुनेच्या माहेरचेही आधी हीच उचलतात. टोमॅटो मात्र घालायचाच नाही. तुम्ही विचारलं नाहीत, पण घालणार होतात हे मला माहीत आहे.

सँडविचेस दुपारी दोनला करा. चार-चारची चळत रचून वर पोळपाट ठेवा, दहा मिनिटांनी दातेरी सुरीने कडा कापा. सुरी दाबू नका, करवतीसारखी चालवा. डब्यात बटर पेपर, त्यावर तुकडे आणि सगळ्यांत वर घट्ट पिळलेला ओलसर किचन पेपर, म्हणजे पाव वाळत नाही. साडेचारला निघेपर्यंत डबा फ्रिजमध्ये, पुढे बर्फाच्या पॅकसह कूल बॅगेत. बाहेर काढल्यावर चार तासांत संपवा, उरलेलं घरी परत आणू नका. कापलेल्या कडांचा दुसऱ्या दिवशी फोडणीचा पाव करा. आमच्याकडे तर त्यासाठीच सँडविचेस करा म्हणतात.

आता उरलेलं.

सासऱ्यांना उकळलेला चहा हवा, पण दूध घातलेला चहा थर्मासमध्ये तीन तासांत वास मारतो. आलं-वेलची-साखर घालून कोरा चहा कडक करा, गाळून थर्मासमध्ये भरा आणि दूध कूल बॅगेत वेगळं न्या. थर्मासमध्ये आधी पाच मिनिटं उकळतं पाणी ठेवून ओता. पाहुण्यांसाठी दुसऱ्या थर्मासमध्ये नुसतं उकळतं पाणी, टी बॅग तिथे घाला.

स्कोन, म्हणजे जॅम-क्रीम लावून खायचे छोटे इंग्लिश पाव, त्याच दिवशीचेच हवेत. क्लॉटेड क्रीम (घट्ट साय) आधी की जॅम, यावर डेव्हन आणि कॉर्नवॉल या शेजारच्या परगण्यांतल्या लोकांना भांडू द्या. पुष्कळ स्कोनना वरून अंडं लावलेलं असतं, तेव्हा सासूबाईंसाठी पाकीट वाचून घ्या. त्यांचा शनिवारचा उपवास संध्याकाळी सुटणार असेल तर चिंता नाही. नसेल तर बटाट्याची कोरडी भाजी आणि राजगिऱ्याच्या वड्या.

‘मध्यंतरात निवांत खाऊ’ असं लिहिलंत. ग्लाइंडबोर्नच्या ऑपेरा महोत्सवात मध्यंतराला दीड तास मिळतो, तुम्हाला वीसेक मिनिटंच मिळतील. तेवढ्यात स्वच्छतागृहाची रांगही लावायची असते. खारं सगळं प्रयोगाआधी उरका, मध्यंतराला स्कोन आणि चहा.

छत्री नको. प्रयोग चालू असताना बहुतेक ठिकाणी उघडू देत नाहीत, मागच्यांना दिसत नाही. रेनकोट न्या. सासू-सासऱ्यांना जमिनीवर बसवू नका. खुर्च्या चालतात का, ते तिकिटावर बघा, बुटक्या पाठीच्याच लागतात. सूर्य सव्वानऊच्या सुमाराला मावळतो आणि हिरवळ गार पडते. साडी खुशाल नेसा, आत लेगिंग्ज आणि पायात मोजे हवेत. प्लास्टिकचं अस्तर असलेली सतरंजी घ्या, नाहीतर दव वर येतं.

आणि हो, चकली. नेऊ नका असं म्हणत नाही, पण प्रयोग सुरू झाला की डबा बंद. रंगमंचावर कुणी हळू बोलत असेल, तर चकलीचा आवाज पुढच्या तीन रांगांपर्यंत पोचतो.