सायन्सची डिग्री नसेल तर हेल्थ रिपोर्टर होता येतं का?
येतं की. फक्त रिसर्च पेपर वाचायची सवय हवी, म्हणजे प्रेसनोटमध्ये 'धोका 50 टक्क्यांनी कमी' दिसलं की आधी विचारायचं, कितीवरून कितीवर? 10,000 मध्ये 2 चा 1 झाला तरी ते 50 टक्केच ना. 1998 चा लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधला, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा पेपर फक्त 12 मुलांवरचा होता, मागे घेतला 2010 मध्ये, तोवर बातम्यांनी भीती पसरवून झालेली. मानसिक आजाराचं बीट (रिपोर्टरला दिलेला विषय) मात्र अजून नाजूक, आत्महत्येची पद्धत लिहायची नाही, हेडलाइनमध्ये तर नाहीच, आणि पेशंट आज बोलायला तयार असला तरी नाव छापल्याचा उद्या त्रास होईल का हे त्याच्याशी नीट बोलून घ्यायचं (एडिटर घाई करतो, करू दे).