वर्षभराच्या अभ्यासक्रमाची खरी फी

सप्रेम नमस्कार.

आपले वय ३८, नोकरीची १४ वर्षे झालेली, गेल्या चार वर्षांत बढतीच्या यादीतून दोनदा नाव गळलेले, आणि म्हणून नोकरी सोडून एक वर्षाचा पूर्णवेळ व्यवस्थापन अभ्यासक्रम करावा, असा आपला बेत आहे. साठवलेले पैसे त्यात घालावेत का, असे आपण विचारले आहे. त्याच विषयाचा दोन वर्षांचा, सुट्टीच्या दिवशी भरणारा वर्गही उपलब्ध असल्याचे आपण लिहिले आहे. मात्र तो आपल्याला दुय्यम वाटतो.

हिशेब सोपा जावा म्हणून आपला हातात पडणारा मासिक पगार १०० धरू. त्या मापाने घरखर्च आणि कर्जाचा हप्ता यांत ७५ जातात, २५ शिल्लक राहतात, आजवरची बचत ९०० आहे आणि पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा सगळा खर्च १,००० आहे. आपण सोबत जोडलेला तक्ता मी दोनदा पाहिला. फी, पुस्तके, संगणक, परीक्षा शुल्क, इतकेच काय जाण्यायेण्याचा खर्चसुद्धा त्यात नीट मांडलेला आहे, आणि तळाशी ‘तूट १००’ असे लिहून त्याला गोल केला आहे. त्या तक्त्यात एक ओळ मात्र नाही, ती म्हणजे त्या वर्षी न मिळणाऱ्या पगाराची.

वर्ग १२ महिन्यांचा असला तरी शेवटच्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नोकरी हजर असेल असे धरून चालता येत नाही, म्हणून शोधासाठी आणखी ४ महिने धरतो. १६ महिन्यांचा बुडालेला पगार १,६०० आणि वरचे १,००० मिळून या निर्णयाची खरी किंमत २,६०० होते. घरखर्च यात वेगळा मिळवलेला नाही, कारण तो नोकरी असली काय आणि नसली काय, होणारच. तो भागवायचा कशातून, हा प्रश्न मात्र उरतोच. १६ महिन्यांचे १,२०० आणि अभ्यासक्रमाचे १,००० असे २,२०० हाताशी लागतील आणि आहेत ९००. म्हणजे तूट १०० नसून १,३०० आहे. एवढी रक्कम ११ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतली, तर महिन्याचा हप्ता २२ च्या थोडा वर जातो आणि एकूण व्याज सुमारे ५७० पडते. शिवाय घरखर्चासाठी मिळणारे कर्ज शिक्षणासाठीच्या कर्जापेक्षा सहसा महागच असते, तेव्हा ११ टक्के हा आकडाही मी उदार मनाने धरला आहे.

शिक्षण हा खर्च नसून गुंतवणूक आहे, हे वाक्य आपल्या पत्रात दोनदा आले आहे आणि ते मला मान्य आहे. हा विचार अर्थशास्त्रात रुजवणारे थिओडोर शुल्ट्झ यांना १९७९ मध्ये आणि गॅरी बेकर यांना १९९२ मध्ये नोबेल मिळाले. पण या दोघांनीही शिकण्याच्या काळात बुडणारी कमाई शिक्षणाच्या खर्चातच धरली होती.

आता मिळकतीची बाजू पाहू. पगार ४० टक्क्यांनी वाढेल, हा आकडा आपण संस्थेच्या माहितीपत्रकातून घेतला आहे. तो खरा मानला तरी महिन्याला ४० जादा मिळून २,६०० भरून यायला व्याज न धरता ६५ महिने लागतात, आणि त्या ४० पैकी निम्म्याहून अधिक कर्जाच्या हप्त्यातच जातात. पण ४० टक्के ही सरासरी आहे. दहा जणांच्या वर्गात नऊ जणांचा पगार २० टक्क्यांनी आणि एकाचा २२० टक्क्यांनी वाढला, तरी सरासरी ४० टक्केच येते. आपण त्या नऊ जणांपैकी निघालात, तर वसुलीला १३० महिने, म्हणजे जवळजवळ ११ वर्षे लागतील आणि तोवर आपण पन्नाशी ओलांडलेली असेल. संस्थेला सरासरी विचारू नका. १२ ते १५ वर्षे अनुभव असलेल्या विद्यार्थ्यांपैकी मधल्या क्रमांकावरच्या विद्यार्थ्याची वाढ किती होती, ते विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर तेही एक उत्तरच समजावे.

निवृत्तीचा विषय आपल्या पत्रात नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. आज मोडलेले १०० वर्षाला ८ टक्के दराने २२ वर्षांत सुमारे ५४४ झाले असते. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्यविमाही जाणार असेल, तर कुटुंबाचा स्वतंत्र विमा घेतल्याशिवाय राजीनामा देऊ नये.

दुय्यम म्हटलेल्या वर्गाचा खर्च ४०० आहे. पगार चालू राहतो, महिन्याच्या २५ शिलकीतून १६ महिन्यांत तो भागतो आणि बचतीला हात लागत नाही. नुसती २० टक्के वाढ मिळाली, तरी २० महिन्यांत पैसे वसूल होतात. त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते: आठवड्याला १२ तास म्हटले, तरी दोन वर्षांत सुमारे १,२५० तास होतात, आणि हे तास घरच्यांच्या वाट्यातून येतात. तेव्हा ही बोलणी माझ्याशी करण्याआधी घरी करावीत.

माझे मत या दुसऱ्या मार्गाकडे झुकते. ज्या क्षेत्रात विशिष्ट पदवीशिवाय कामच करता येत नाही अशा क्षेत्रात आपण जाणार असता, किंवा कंपनी अभ्यासरजा देऊन जागा राखून ठेवणार असती, तर मी वेगळे लिहिले असते. आपल्याला त्याच क्षेत्रात, एक पायरी वर जायचे आहे. आणि बढती पदवीअभावी हुकली, असे आपल्याला कोणी सांगितल्याचे पत्रात कुठेही दिसत नाही. तो आपला अंदाज आहे. माणसे सांभाळण्याचा अनुभव कमी पडला असेल, तर तो वर्गात मिळणार नाही. तो एखादे मोठे काम अंगावर घेऊनच मिळेल आणि त्याला फी नाही.

म्हणून प्रवेशाची अनामत भरण्यापूर्वी वरिष्ठांची अर्ध्या तासाची वेळ मागून घ्या आणि दोन्ही वेळी नेमके काय कमी पडले ते विचारा. कंपनी शिक्षणाचा काही भाग उचलते का, हेही त्याच बैठकीत विचारता येईल. उचलत असेल, तर त्याबदल्यात किती वर्षे नोकरी सोडता येणार नाही, ती अट लेखी मागून घ्यावी. अनामत परत मिळत नाही असे आपण लिहिले आहे आणि मुदतीला अजून तीन आठवडे आहेत. या कामाला तेवढा वेळ पुरेल.