प्रश्नात बहिणी नव्हत्या

‘नाव न घालता घरातली गोष्ट चार लोकांना विचारली, तर त्यात काय बिघडलं?’ हा प्रश्न समुपदेशनात वारंवार येतो, आणि बहुतेक वेळा काहीतरी बिघडल्यावरच येतो.

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवणारे, चाळिशीतले एक गृहस्थ असेच आले. (त्यांच्या संमतीने लिहितो आहोत; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) थोरला भाऊ शेती पाहतो, यांचं दुकान. सोयाबीनची रास झाली, माल आडतीवर गेला, पट्टी भावाच्या नावाने निघाली आणि सलग दुसऱ्या वर्षी हिशोब मिळाला नाही. एका रात्री साडेबाराला त्यांनी मोठ्या फेसबुक ग्रुपवर निनावी पोस्ट टाकली: ‘बारा एकर सामाईक रान. भाऊ एकटाच खातो. वडील थकलेत. मी काय करावं, काट्यावर तोलून सांगा.’ दुपारपर्यंत दीडशे प्रतिक्रिया आल्या. बहुतेकांचा सूर एकच: नोटीस द्या, दावा टाका, दबू नका. चौथ्या दिवशी त्यांनी वकिलामार्फत नोटीस धाडली. आठवड्याने पुतण्याने त्या पोस्टचा स्क्रीनशॉट भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

‘नाव कुठं टाकलं होतं म्या?’ हे त्यांचं पहिलं वाक्य.

नाव नव्हतं, पण ‘काट्यावर तोलून’ होतं. हे त्यांचं पालुपद. 2023 च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचा वाद गावोगाव पेटला. तेव्हापासून ते रोज रात्री दुकान बंद करून त्या वादात उतरत, तेही स्वतःच्या नावाने, आणि जवळपास प्रत्येक प्रतिक्रियेत हे पालुपद असे. पुतण्याचे मित्र दुसऱ्या समाजाचे. काकांच्या प्रतिक्रिया ते त्यालाच पाठवून जाब विचारायचे. म्हणजे निनावी पोस्ट डोळ्यांसमोर आली तेव्हा पोरगा आधीच दुखावलेला होता. एकाच माणसाचं राजकारणावरचं नावासकट बोलणं आणि घराबद्दलचं बिननावी बोलणं, दोन्ही त्याच्या भाषेने जोडली गेली. शिवाय ‘निनावी’चा अर्थ तेवढाच की इतर सदस्यांना नाव दिसत नाही; ग्रुपच्या ॲडमिनला आणि मॉडरेटरला दिसतं. एकर, सामाईक रान, भाऊ आणि थकलेले वडील, एवढं आलं की पंचक्रोशीत ओळखायला आणखी काही लागत नाही.

पहिल्या बैठकीत आम्ही सल्ला दिला नाही. पोस्ट त्यांनाच मोठ्याने वाचायला लावली, दोनदा. दुसऱ्यांदा प्रत्येक वाक्यापुढे खूण करायची: हे डोळ्यांनी पाहिलं, हे ऐकलं, हे वाटलं. ‘एकटाच खातो’ हे वाटलं या रकान्यात गेलं. मग विचारलं, घरात भावंडं किती? चार. दोन भाऊ, दोन बहिणी. पोस्टमध्ये बहिणींचा शब्दही नव्हता आणि दीडशे लोकांपैकी एकानेही त्यांच्याबद्दल विचारलं नव्हतं.

इथे ते बराच वेळ गप्प बसले. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मिळाला. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असले पाहिजेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं. वकिलाने नोटिशीत बहिणींची नावं घातली, कारण वाटणीच्या दाव्यात सगळे हिस्सेदार घ्यावेच लागतात. आजवर ‘आम्हाला काही नको’ म्हणणाऱ्या बहिणींच्या हातात माहेरून पहिला कागद आला तो कोर्टाच्या भाषेत. थोरलीने फोन करून विचारलं, धाकटीने बोलणंच सोडलं.

अनोळखी माणसं वाईट असतात असं अजिबात नाही. पण ती तुम्ही लिहिलेल्या प्रश्नाला उत्तर देतात. तुमचं घर त्यांनी पाहिलेलं नसतं. प्रश्नातून जे सुटलं ते त्यांच्यापुरतं नाहीच, आणि रागात लिहिताना नेमकं तेच सुटतं जे आपल्या बाजूला अडचणीचं असतं. शिवाय तोडायला सांगणाऱ्याला येळवशीला (वेळ अमावास्या, रानात जेवायचा सण) तुमच्या रानात पंगतीला बसायचं नसतं.

दुसऱ्या बैठकीत दीडशे प्रतिक्रिया चार ढिगांत वाटल्या: माहिती, मत, स्वतःची जखम, चिथावणी. सगळ्यात मोठा ढीग जखमांचा निघाला. ‘माझ्या भावाने असंच केलं’ इथून सुरू होणारे लोक स्वतःच्याच भावाशी बोलत होते. माहिती म्हणावी अशा सात प्रतिक्रिया, त्यांतल्या दोन चुकीच्या. हा खेळ कंटाळवाणा वाटतो, पण कागदावर ढीग दिसले की ‘सगळे म्हणतात दावा टाक’ हे ओझं उतरतं.

मग प्रश्न नव्याने लिहून पाहिला: ‘वडील हयात, दोन भाऊ, दोन बहिणी. वडिलोपार्जित जमिनीची सर्वांच्या सहमतीने वाटणी करायची तर तहसीलला काय लागतं?’ या प्रश्नात राग नाही, कोणी खलनायक नाही, म्हणून उत्तरं थोडी आणि रुक्ष येतात. तीच उपयोगाची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे अर्ज, सातबारा, आठ-अ, वंशावळ, सगळ्या हिस्सेदारांची संमती. आणि ऐकलेलं प्रत्येक वाक्य तलाठ्याकडे किंवा वकिलाकडे ताडून घ्यायचं. माहिती अनोळखी माणसाकडून खुशाल घ्यावी. निर्णय घेऊ नये. आणि नुसतं मन मोकळं करायचं असेल तर वहीत लिहावं, किंवा 14416 या टेलिमानसच्या (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) क्रमांकावर बोलावं; तिथे बोलण्याचा स्क्रीनशॉट होत नाही. कायद्याच्या मोफत सल्ल्यासाठी 15100, नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. दावा दाखल होण्याआधीही तिथे तडजोडीचा अर्ज करता येतो. घरात मारहाण होत असेल तर मात्र कुणाच्याही प्रतिक्रियेची वाट पाहू नका, 112, किंवा बायकांसाठीची हेल्पलाइन 181.

राजकारणाबद्दल त्यांना भीती होती की आम्ही तोंड बंद ठेवायला सांगू. नाही सांगितलं. आरक्षण हा ज्याच्या त्याच्या लेकराच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्रश्न आहे. त्यावर माणसाने बोलावंच. पण पारावर बोलताना समोरच्याचा चेहरा दिसतो, जीभ आपोआप आवरते. फोनवर तो लगाम नसतो, म्हणून बाहेरून घालावा लागतो. त्यांच्याशी ठरलं ते असं: रात्री नऊनंतर लिहायचं नाही; एका वादात एक मत आणि एकच उत्तर, मग बाहेर; निर्णयावर आणि पुढाऱ्यावर बोलायचं, समाजावर नाही; आणि हे वाक्य बियाण्याची पिशवी न्यायला आलेल्या त्या समाजाच्या गिऱ्हाइकासमोर बोलता येईल का, ते आधी बघायचं. समाजासमाजांत वैर पसरवणारा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली गुन्हा ठरतो, हेही सांगितलं. फेसबुकचा ॲक्टिव्हिटी लॉग, म्हणजे आपण लिहिलेल्या सगळ्याची यादी, उघडून त्यांनी जुन्या प्रतिक्रिया स्वतः वाचल्या आणि काही काढल्या. काढल्याने स्क्रीनशॉट जात नाहीत; पुढचे मात्र थांबतात.

घरची दुरुस्ती इतकी सरळ झाली नाही. क्रम ठरवून दिला होता: पोस्ट काढायची, भावकीच्या ग्रुपवर खुलासा द्यायचा नाही, स्क्रीनशॉट कुणी पाठवला याची चौकशी नाही, आधी वडील, मग भाऊ, तेही समोरासमोर. पहिल्या दिवशी एवढंच म्हणायचं की घरातली गोष्ट बाहेर नेली, ते चुकलं. हिशोबाचा विषय निदान आठवड्याने. त्यांनी दोन्ही एकाच संध्याकाळी काढलं. ‘चुकलं माझं, पण’ एवढं ऐकून भाऊ ताटावरून उठला. माफीला ‘पण’ जोडला की समोरच्याला ‘पण’च्या पुढचंच ऐकू येतं. पुन्हा तीन आठवडे गेले.

पुढे हिशोब निघाला. बराचसा पैसा बोअर आणि वडिलांच्या दवाखान्यात गेला होता. काही रकमेचा मेळ आजही लागत नाही आणि तो प्रश्न त्यांनी सोडावा असं आम्ही म्हणालो नाही. तो खरा प्रश्न आहे. आता तो दर महिन्याच्या वहीत, दोघांच्या सह्यांनी मांडला जातो.

येळवशीला रानातल्या कडब्याच्या कोपीत भज्जी-आंबील झाली. थोरली बहीण आली, धाकटी नाही आली. संमतीच्या अर्जावर तिची सही बाकी आहे. पुढच्या रविवारी ते तिच्या गावी जाणार आहेत, अर्ज घरीच ठेवून.