कमिशनचा अडतीपलीकडचा अर्थ

(खानापूरचे एक पालक लिहितात : मुलगी बेळगावात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असून आठ वर्षे व्हायोलिन शिकते आहे. नवे अभिजात संगीत ‘कमिशन’ करणाऱ्या संस्थेत काम करायचे, असे ती म्हणते. आमचे अडतीचे दुकान आहे. पण संगीतात कमिशन कोण कोणाला देतो? आणि यात पोट भरेल का, की तिचे बी.कॉम. वाया जाईल?)

स. न. वि. वि.

अडतीत माल तयार असतो आणि तो विकून दिल्याबद्दल अडत्याला कमिशन मिळते. येथे मात्र माल अजून जन्मालाच आलेला नसतो आणि त्याचे पैसे आधी ठरतात. संस्था संगीतकाराला अमुक वाद्यांसाठी, इतक्या मिनिटांची, अमुक तारखेपर्यंत नवी रचना लिहिण्यास सांगते, मानधन देते आणि पहिला प्रयोग घडवून आणते. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने पंडित रविशंकर यांच्याकडून सतार व वाद्यवृंदासाठी लिहवून घेतलेला कॉन्चेर्टो (एकल वाद्य व वाद्यवृंद यांची रचना) १९७१ मध्ये सादर झाला. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेच्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने तबल्यासाठी उस्ताद झाकीर हुसेन यांच्याकडून ‘पेशकार’ करवून घेतले, त्याचा पहिला प्रयोग २०१५ मधला. हे सारे परदेशी खूळ आहे असे कोणी म्हणालेच, तर लोकधुनांतून नवे ‘धुनउगम’ राग निर्माण करणारे कुमार गंधर्व आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मले, एवढी आठवण त्यांना द्यावी.

अशा संस्थेत वादकांइतकीच गरज असते ती व्यवहार सांभाळणाऱ्यांची. करारात मानधनाचे हप्ते, रचना हाती येण्याची मुदत आणि पहिल्या प्रयोगाचा हक्क नमूद करावा लागतो. रचनेचा मूळ हक्क (कॉपीराइट) सहसा संगीतकाराकडेच राहतो, आणि हे रचनेसाठी पैसे देणाऱ्या देणगीदाराला समजावून सांगणे हेही एक कामच असते. पुढे प्रत्येक वादकाची स्वतंत्र प्रत तयार करणे, तालमींच्या तारखा जुळवणे, सभागृह, प्रवास, अनुदानाचा अर्ज आणि शेवटी हिशेब. तालमी वाढल्या की खर्च वाढतो, कारण नवी रचना कोणाच्याच हातात बसलेली नसते. म्हणून कन्येचे बी.कॉम. वाया जाईल, ही आपली भीती मला पटत नाही.

उणीव आहे ती वेगळीच. आपल्याकडचे व्हायोलिन गायकी अंगाने, गुरूसमोर बसून शिकले जाते. तबलजी ठेका मनात धरून वाजवील, पण वाद्यवृंदातील प्रत्येकापुढे लिखित पान लागते. तिने स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकावे व ट्रिनिटी किंवा ए.बी.आर.एस.एम. या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या संगीत थिअरीच्या परीक्षा द्याव्यात. शिक्षकासाठी पणजीच्या कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात चौकशी करावी; आपल्याला तो मुंबईपेक्षा जवळचा. अमेरिकेतील क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या चमूने तरुण वादकांसाठी लिहवून घेतलेल्या ५० रचनांची नोटेशन्स इंटरनेटवर मोफत आहेत, त्यांतली एक तरी तिने वाचून पाहावी.

पोटापाण्याबद्दल मी गोड बोलणार नाही. निव्वळ याच कामाच्या जागा भारतात फार थोड्या आहेत आणि त्या बहुतांशी महानगरांत आहेत. सुरुवातीची कामे एकेका प्रकल्पापुरती, तुटपुंज्या मानधनाची असतात. त्यामुळे पहिली काही वर्षे हिशेबनिसाची किंवा तत्सम नोकरी धरूनच तिने याकडे वळावे, असे माझे मत आहे. मराठी, कन्नड व इंग्रजी तिन्हींत पत्रव्यवहार करता येणे हे मात्र सीमाभागातल्या मुलीचे भांडवलच.

यंदा बेळगावातील एखाद्या संगीत मंडळाच्या बैठकीचा खर्च-जमेचा ताळा तिने विनामोबदला सांभाळावा. आणि परीक्षा संपल्यावर दोन महिने तिला आपल्या गादीवर बसवा. आगाऊ उचल किती द्यावी आणि उरलेली रक्कम माल आल्याशिवाय का देऊ नये, हे तिला आपल्याइतके चांगले दुसरे कोणी शिकवणार नाही.