मॉडसाठी पीसी घेतोयस? आधी कार्डाची मेमरी बघ

मॉड, म्हणजे गेममध्ये चाहत्यांनी बनवलेली भर, चालवायला घ्यायच्या पीसीची तुझी यादी बघितली. निम्मे पैसे प्रोसेसरवर, आणि ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं? उलटं कर रे बाबा. स्कायरिम गेममध्ये २के टेक्श्चरच्या (वस्तूंवर चढवलेल्या चित्रांच्या) जागी ४के टाकलंस की पिक्सेल चौपट, कार्डाची मेमरीही चौपट खातात. ती भरली की कार्ड कितीही वेगवान असो, गेम अडखळतोच. माझ्याकडे व्हाइटरन या गेममधल्या शहराच्या वेशीत शिरलं की चित्र थिजायचं. मी सहा महिने मॉडलाच शिव्या देत बसलो. १६ जीबीचं घे, चिप एक पायरी खालची चालेल.

माइनक्राफ्टचे मोठे मॉडपॅक (अनेक मॉडचे गठ्ठे) हे वेगळं प्रकरण. तिथे प्रोसेसरच्या एका कोरचा (आतल्या एका गणन-भागाचा) वेग कामी येतो, कोर मोजत बसू नकोस.

रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन पट्ट्या. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. मग बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सोय, चालू कर, नाहीतर महागडी रॅम कमी वेगानं रखडत राहते. साठवणुकीला एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) २ टीबी.

इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानांत कॅबिनेटचे दिवे बघून भुलू नकोस, त्याच्यासोबत फुकट मिळणारा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) तर नकोच. आणि इंदूरचा मे चाळिशी ओलांडतो, तेव्हा कॅबिनेटला समोर काच नको, जाळी हवी.