धुळ्याहून रत्नागिरीच्या बोटीवर कामाला गेलेल्या भाच्याचं लोकेशन मोबाईलवर दिसेल का?

किनाऱ्याजवळ असेपर्यंत दिसेल भाऊ, बोट आत गेली की नाही. जीपीएस भर समुद्रातही चालतं, कारण फोन उपग्रहाचे सिग्नल नुसते ऐकतो आणि आपली जागा काढतो, पण ती जागा तुमच्यापर्यंत पाठवायला टॉवर लागतो आणि साध्या टूजीची तर हद्दच 35 किमीच्या आसपास, प्रत्यक्षात रेंज त्याच्या कितीतरी आधी जाते. मी इथे ट्रकांना ट्रॅकर बसवतो, तोरणमाळच्या घाटात हेच होतं, रेंज गेली की डबा पॉइंट साठवतो आणि खाली उतरल्यावर सगळे एकदम पाठवतो, म्हणजे गाडी कुठे होती ते कळतं, आत्ता कुठे आहे ते नाही. ट्रकचं ठीक आहे, वादळात बोटीचं असं उशिरा कळून काय उपयोग? त्यासाठी मालकाला विचारा, बोटीवर
- इस्रोने बनवलेला ट्रान्सपाँडर आहे का (बोटीची जागा आणि संदेश पाठवणारा डबा, संदेश थेट उपग्रहातून जातो, टॉवर लागत नाही, मच्छीमार बोटींना सरकार मोफत देतंय)
- 20 मीटरपेक्षा मोठी बोट असेल तर एआयएस (बोटीचं नाव आणि जागा रेडिओवरून आपोआप सांगणारं यंत्र), ते सक्तीचंच आहे

फक्त एआयएसची रेंजही बोटींवरच्या कमी पल्ल्याच्या व्हीएचएफ रेडिओएवढीच, त्यामुळे लांब गेलेली बोट फुकटच्या जहाज दाखवणाऱ्या अ‍ॅपवर गायब झाली तर लगेच घाबरू नका.